छोट्या गाडीमागे ट्रेलर : आधी कागद, मग वजन, मग लोखंड

मांडवी, झुआरी, शापोरा, साळ, तळपण. गोव्यात कुठेही राहिलात तरी एखादी नदी जवळच असते. म्हणूनच अलीकडे बऱ्याच जणांच्या अंगणात एखाददुसरी कायाक किंवा दोन माणसांची फायबरची होडी दिसते. ती पाण्यापर्यंत न्यायची कशी, हा पुढचा प्रश्न. एक साधी प्लास्टिकची कायाक २० ते ३० किलोची, दोघांची असेल तर आणखी जड. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांच्या छताला ५० किलोच्या आसपासच वजन चालतं आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. दोन कायाक झाल्या की छत संपलं. मग ट्रेलरचा विचार सुरू होतो.

मी फोंड्याकडचा. छोट्या गाडीमागे ट्रेलर लावण्याच्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्या आहेत, म्हणून हे लिहितो आहे. या कामात बहुतेकांचा क्रम उलटा असतो. पहिल्यांदा वेल्डरकडे जाऊन हुक लावून घेतात, मग ट्रेलर बनवतात आणि शेवटी आरटीओत विचारायला जातात. तिथे काम अडलं की लोखंडावर घातलेले पैसे वाया जातात. खालचा क्रम जसा दिला आहे तसाच पाळा.

१. गाडीचं मॅन्युअल उघडा

ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक काढा आणि ‘ट्रेलर’ किंवा ‘टोइंग’ हा भाग शोधा. तीनपैकी एक गोष्ट सापडेल : ओढायच्या वजनाची मर्यादा, किंवा ‘या गाडीने ट्रेलर ओढू नये’ अशी स्पष्ट सूचना, किंवा काहीच नाही.

मर्यादा दिली असेल तर उत्तमच. स्पष्ट नकार असेल तर माझं मत ठाम आहे : त्या गाडीला ट्रेलर लावू नका. महिन्यातून एकदा पिकअप भाड्याने घेतलात तरी पुष्कळ स्वस्त पडेल. काहीच लिहिलेलं नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. शोरूममधल्या माणसाचं तोंडी ‘हो, चालेल’ पुढे कुठेच उपयोगाला येत नाही.

इथे एक सापळा आहे. इंटरनेटवर शोधलंत तर तुमच्याच मॉडेलची युरोपातली आकडेवारी सापडते आणि तिथे ती गाडी भरपूर वजन ओढते असं दिसतं. तो आकडा आपल्या गाडीला लावू नका. नाव तेच असलं तरी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, मागचा सांगाडा वेगळा असू शकतो. इथल्या गाडीसाठी इथलंच मॅन्युअल प्रमाण.

गाडी सीएनजीची असेल तर डिकीतली टाकी आधीच मागच्या चाकांवर भार टाकून बसलेली असते. शिवाय हुक बसवण्याची जागा नेमकी तिच्या खालीच येते. अशा गाडीचा नाद सोडा, असंच मी सांगेन.

२. आरटीओत जाऊन विचारा, हुक लावण्याआधी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र ‘मोटार वाहन’ आहे. त्याला स्वतःचं इंजिन नाही म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. ट्रेलरला स्वतःची आरसी आणि स्वतःचा नंबर लागतो. नोंदणीशिवाय रस्त्यावर आणलात तर कलम १९२ खाली पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरा मुद्दा तुमच्या गाडीचा. कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हुकाची नोंद आरसीवर घ्यावी लागेल की नाही, हे तुमच्या आरटीओने ठरवायचं. म्हणून साध्या कागदावर अर्ज करा : गाडीचा नंबर, मॉडेल, कंपनीचं उत्तर जोडलेलं, कोणता हुक, किती वजनाचा ट्रेलर, कशासाठी. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. जीए-०५ असेल तर फोंडा, जीए-०३ म्हापसा, जीए-०४ डिचोली. ज्या कार्यालयाकडे तुमची नोंदणी, तिथेच जा.

त्याच खेपेला ट्रेलरबद्दलही विचारून घ्या : तयार ट्रेलरच्या मॉडेलचं कोणतं मंजुरीपत्र लागेल, तपासणीला कधी आणायचा, नंबरप्लेट कोणत्या आणि कुठे लावायच्या. ट्रेलरच्या नोंदणीसाठी साधारण हे कागद जमवावे लागतात :

- फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज
- फॉर्म २१, विक्रेत्याने दिलेलं विक्री प्रमाणपत्र
- फॉर्म २२, उत्पादकाचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र
- जीएसटीसह पक्कं बिल
- ट्रेलरचा विमा
- पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, पॅन
- चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट
- ओढणाऱ्या गाडीची आरसी आणि विमा

ही यादी वाचली की गल्लीतल्या वेल्डरकडून ट्रेलर का बनवून घेऊ नये हे कळतं. तो काम चांगलं करत असेल, पण फॉर्म २१ आणि २२ कुठून देणार? त्याने ठोकलेला चेसिस नंबर कोण मानणार? कुंडई, वेर्णे, थिवी या औद्योगिक वसाहतींत फॅब्रिकेशनची मोठमोठी कामं होतात. तिथे गेलात तरी पहिला प्रश्न हाच : नोंदणीसाठी लागणारे फॉर्म देणार का? ‘ते तुमचं तुम्ही बघा’ असं उत्तर आलं तर तिथून निघा.

३. विमा, आणि ‘माल’ कशाला म्हणायचं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी ओलांडू नका. इथे चुकलात तर घर विकायची वेळ येऊ शकते.

खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा परिच्छेद असतो. त्यात भाडं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. नमुने आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. म्हणजे स्वतःची कायाक, गऱ्या, तंबू नेलात तर ते तुमचं सामान. कुळागरातले, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतले, नारळ विकायला फोंड्याच्या बाजारात नेलेत, किंवा जत्रेत दुकान थाटणाऱ्या शेजाऱ्याच्या खाज्याच्या पेट्या पोचवल्यात, की तो माल होतो. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं यावर बोट ठेवते. नारळ, केळी, सुपारी यांचीच ने-आण करायची असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेलं छोटं वाहनच घ्या. हौसेचा ट्रेलर त्या कामाला जुंपू नका.

खासगी गाडीच्या पॉलिसीत ट्रेलरसाठी वेगळं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं कलम, आहे : आयएमटी ३०. एजंटला हा क्रमांक सांगा, कारण फारसं कोणी मागत नसल्याने बऱ्याच एजंटांच्या ते लक्षात नसतं. हुक लावल्याचंही विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

होडीला मोटर बसवणार असाल तर तिची नोंदणी हे वेगळं काम आहे. त्यासाठी बंदर कप्तान खात्याकडे जावं लागतं.

४. वजनाचा हिशेब

हौसेच्या लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. त्याचं सगळं वजन तुमच्या गाडीचेच ब्रेक थांबवतात. बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी परदेशात रूढ असलेला नियम असा : सामानासकट ट्रेलरचं वजन गाडीच्या मोकळ्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५० किलोंच्या वर नको. ९०० किलोच्या हॅचबॅकला यातून ४५० किलो मिळतात. पावसात निसरडे होणारे आपले रस्ते आणि चढउतार पाहता मी ३०० च्या पुढे जाऊ देणार नाही. मॅन्युअलमधला आकडा याहून कमी असेल तर अर्थातच तोच पाळायचा.

उदाहरण घेऊ. रिकामा ट्रेलर १५० किलो. दोन कायाक ६०. वल्ही, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन मिळून ४०. एकूण २५० किलो. हे कागदावर मांडल्यावर एकदा वजनकाट्यावर खरंच नेऊन तोला. पाण्याचे कॅन आणि भिजलेले दोर अंदाजापेक्षा नेहमी जड भरतात.

आता दुसरा आकडा : हुकावर पडणारा भार. ट्रेलरचं तोंड हुकाला खाली दाबतं, तो दाब एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. आपल्या उदाहरणात २५ किलो. मोजणं सोपं आहे. सपाट जमिनीवर ट्रेलर सामानासकट उभा करा, चाकांना ओंडके लावा, बाथरूममधला वजनकाटा ठेवून त्यावर हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा उभा करा आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर सामान पुढे सरकवा, फार जास्त आला तर मागे.

दाब कमी पडला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि रात्री तुमचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि हे २५ किलो गाडीत बसलेल्या माणसांच्या वजनात मिळवायचे असतात. चार मोठी माणसं आणि भरलेली डिकी असताना ट्रेलर लावला तर गाडी तिच्या एकूण मर्यादेबाहेर जाऊ शकते. मी ट्रेलर लावला की गाडीत दोघांपेक्षा जास्त माणसं घेत नाही.

५. हुक कुठे आणि कसा

गाडीच्या मागच्या बंपरखाली एक कडी असते किंवा स्क्रूने बसवायचा डोळा मिळतो. तो बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी आहे. ट्रेलरसाठी तो कधीही वापरू नका.

टो बार म्हणजे आडवा लोखंडी दांडा. तो मागच्या बंपरच्या आत, गाडीच्या दोन्ही लांब चॅनेलना बोल्टने बसला पाहिजे, तोही शक्यतो कंपनीने सोडलेल्या भोकांतूनच. त्यातून बाहेर येणाऱ्या मानेवर ५० मिलिमीटरचा गोळा, म्हणजे टो बॉल. बॉलच्या मध्याची जमिनीपासून उंची गाडी भरलेली असताना ३५० ते ४२० मिलिमीटर असावी, म्हणजे ट्रेलर आडवा, समतल राहतो. अमेरिकी मापाचे दोन इंची बॉलही बाजारात मिळतात. ते जवळजवळ सारखे दिसतात, पण ५० मिलिमीटरच्या कपलरला, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या आणि बॉलवर बसणाऱ्या वाटीला, ते बसत नाहीत. बॉल आणि कपलर दोन्हींवर ठोकलेलं माप वाचून घ्या.

टो बारवर ‘डी व्हॅल्यू’ म्हणून एक आकडा ठोकलेला असतो, किलोन्यूटनमध्ये. तो बार किती ओढ सोसू शकतो ते त्यावरून कळतं. तुमची गरज अशी काढा : गाडीचं भरलेलं वजन गुणिले ट्रेलरचं वजन, भागिले दोन्हींची बेरीज, मग गुणिले ९.८१. वजनं टनात घ्यायची. गाडी १.३५ टन आणि ट्रेलर ०.३ टन असेल तर उत्तर येतं २.४. टो बारवरचा आकडा याच्यापेक्षा मोठा हवा. ज्याच्यावर असा काहीच आकडा ठोकलेला नाही तो टो बार घेऊ नका, दिसायला कितीही जाडजूड असो.

गॅरेजमध्ये उभे राहून या गोष्टींवर लक्ष ठेवा :

- बंपरला, बंपरच्या पत्र्याला किंवा स्टेपनीच्या खळग्याला वेल्डिंग करू द्यायचं नाही. पेट्रोलची टाकी तिथून जवळच असते.
- बोल्ट ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचे, डोक्यावर आकडा ठोकलेले. टॉर्क पान्यानेच आवळून घ्या आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.
- नवं भोक पाडावंच लागलं तर त्याची कड प्रायमरने झाका. आपल्या दमट हवेत उघड्या कडेपासून गंज सुरू होतो.
- बॉलमुळे मागची नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. म्हणून मान काढता येणारी घ्या आणि ट्रेलर नसेल तेव्हा काढून डिकीत ठेवा. गर्दीत चालणाऱ्याच्या नडगीलाही ती लागत नाही.

६. वायरिंग

ट्रेलरला टेललाइट, ब्रेकलाइट, दोन्ही इंडिकेटर आणि नंबरप्लेटचा दिवा हवा. त्यासाठी सात पिनांचा सॉकेट लागतो. त्याच्या जोडणीचा आंतरराष्ट्रीय क्रम ठरलेला आहे : १ डावा इंडिकेटर पिवळा, २ मागचा फॉग निळा, ३ अर्थ (अर्थिंगची वायर) पांढरा, ४ उजवा इंडिकेटर हिरवा, ५ उजवा टेललाइट तपकिरी, ६ ब्रेक लाल, ७ डावा टेललाइट काळा. हे कागदावर लिहून इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या. प्रत्येकाने आपापल्या मनाने रंग जोडले तर दुसऱ्याचा ट्रेलर तुमच्या गाडीला कधीच चालणार नाही.

गाडीच्या टेललाइटच्या वायरीला थेट जोड मारू नका. नव्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटर चालवतो. जादा भार दिसला की तो बल्ब खराब झाल्याचा इशारा देतो किंवा सर्किटच बंद करतो. बायपास रिले घ्या, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांना वीज फ्यूजमधून थेट बॅटरीकडून मिळते आणि गाडीकडून फक्त संकेत. अर्थची वायर स्वतंत्र हवी. ती हुकाच्या लोखंडावर सोडली तर गंज चढल्यावर डावा इंडिकेटर लावला की ब्रेकलाइटही लुकलुकतो.

जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ट्रेलर लावून रिव्हर्स टाकला की ते अखंड ओरडतात. बंद करण्याचं बटण कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा.

७. ट्रेलर निवडताना

रुंदी गाडीएवढी किंवा थोडी कमीच असावी. आरशात ट्रेलरच्या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत, आणि वाड्यावरच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे असतात हे विसरू नका.

चाकं १२ किंवा १३ इंची घ्या. रिक्षाची आठ इंची चाकं लावलेले ट्रेलर स्वस्त मिळतात, पण तेवढंच अंतर कापायला लहान चाक जास्त वेळा फिरतं. बेअरिंग तापतात आणि खड्ड्यात चाक पूर्ण बसतं. स्टेपनी हवीच. सांगाड्याला नुसता रंग पुरत नाही. संपूर्ण सांगाडा जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेला घ्या. नदीच्या तोंडाशी आपलं पाणी खारं आहे, आणि पोकळ पाइपच्या आतून लागलेला गंज दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दोन सेफ्टी चेन लागतात. कपलरच्या खाली त्या एकमेकींना छेद देतील अशा लावायच्या, म्हणजे बॉल सुटला तरी तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. मागे लाल रिफ्लेक्टर, बाजूंना चमकणारी टेप.

८. रस्त्यावर काढण्याआधी

रिकाम्या मैदानात रिव्हर्सचा सराव करा, अगदी कंटाळा येईपर्यंत. युक्ती एकच : हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची मागची बाजू डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे. थोडं फिरवा, थांबा, पाहा. गाडी आणि ट्रेलरमधला कोन फार वाढला तर तो रिव्हर्समध्ये सुधारत नाही. पुढे जाऊन सरळ करा.

मागच्या टायरांत दाराच्या चौकटीवर लिहिलेली ‘पूर्ण भार’ची हवा भरा. हेडलाइट खाली करण्याचं चाक असेल तर एक-दोन घर खाली घ्या. ऑटोमॅटिकच्या नावाने मिळणाऱ्या एएमटी गाड्यांत क्लच साधाच असतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरली तर तो जळतो. चढावर हँडब्रेक लावा.

वेग ६० च्या आत ठेवा. मांडवीवरच्या अटल सेतूवर आणि झुआरीच्या नव्या पुलावर आडवा वारा लागतो, तिथे आणखी कमी. ट्रेलर शेपूट हलवू लागला तर स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून तर अजिबात पाहू नका. अनमोड आणि चोर्ला हे घाट पहिल्या काही महिन्यांत टाळा. नंतर गेलात तर उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरा. ब्रेकचा वास आला तर जागा पाहून थांबा आणि ते निवू द्या. पाणी ओतू नका.

फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडीला जायचं असेल तर भरतीची वेळ पाहून निघा. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि फळीच्या टोकाला टो बॉल घासतो. ऑफिसची गर्दी टाळा, चढण्याआधी कर्मचाऱ्यांना ट्रेलर दाखवा आणि ते सांगतील तिथेच उभे राहा. फेरीच्या धक्क्यावरून कायाक पाण्यात सोडणं मात्र टाळा. ती फेरीची वाट आहे.

९. खाऱ्या पाण्याशी व्यवहार

लांबून आल्यावर बेअरिंग गरम असतात. तशीच चाकं पाण्यात घातली तर आतली हवा आकसते आणि खारं पाणी ओढून घेते. अर्धा तास थांबा. पाण्यात जाण्याआधी सात पिनांचा प्लग काढा. शक्य तिथे चाकं पाण्यात न घालता कायाक हातानेच उचलून न्या, तेवढी ती हलकी असते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकं, स्प्रिंग, कपलर, साखळ्या धुवा, आणि बॉलला ग्रीस लावा.

मे संपता संपता बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा, ट्रेलर चिऱ्यांवर चढवून चाकं जमिनीपासून सोडवा आणि तोंड थोडं वर ठेवा, म्हणजे पाणी मागून निथळतं. ताडपत्रीने घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते. प्लास्टिकचं छप्पर किंवा पडवी पुरते. चतुर्थीनंतर बाहेर काढाल तेव्हा सगळ्यात आधी दिवे तपासा. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात.